एकोणीस वर्षांतून चार दिवस वजा

मी, देवराम चांगो विशे, वय ६८, धंदा शेती, पूर्वीचा धंदा पिणे, राहणार आसनगावजवळ, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. घर व दीड एकर भातशेती मुलगा संदेश यास. बांधावरची मोहाची दोन झाडे तोडू नयेत. प्यायचो मी, झाडांनी काही केलेले नाही.

२. तांब्याचा हंडा मुलगी मीना हिला. मी तो दारूपायी दोनदा गहाण टाकला आणि तिची आई शकू हिने दोनदा सोडवून आणला. त्याचा पोचा मी पाडलेला आहे, आईवर ढकलू नये.

३. माझी काठी चुलतभाऊ धोंडी यास. एकोणीस वर्षे प्रत्येक लग्नात तो मला म्हणतो, "घे रे थोडी, काय नाय होत." काठी हातात द्यावी. पाठीत घालायचा मोह संदेशने आवरावा.

४. शहापूरला दर शनिवारी समाजसेवकांना व्यसनाबद्दल शिकवतो, तो वर्ग बंद पडू नये. पहिल्या दिवशी सर्वांना आठवडाभर चहा सोडायला सांगावे. पुढच्या शनिवारी सगळे छातीठोक सांगतात, "सोडला." मग टपरीवाल्या राहीबाईंना आत बोलवावे. त्या एकेकाकडे बोट दाखवतात. हसून झाले की सांगावे : तुमच्यापुढे बसणारा माणूसही असाच खोटे बोलेल. त्याला पकडू नका. पुन्हा कधी घेतली आणि आज कसा आहेस, एवढे विचारा.

५. आता माझे खोटे. एकोणीस वर्षे थेंब घेतला नाही, असे मी प्रत्येक वर्गात सांगत आलो. शकू गेली त्या पावसाळ्यात, मुरबाडला बहिणीकडे जातो सांगून, खर्डीच्या एका पाड्यावर चार दिवस प्यायलो. त्याला तीन वर्षे झाली. संदेश, तुला हे कागदावरून कळते आहे, याची मला लाज वाटते.

हे आज लिहायचे कारण हनुमान आगिवले. वर्गातल्या प्रियांकाताई निमसे त्याच्या घरी जातात. दोन वर्षे सोडून होळीला तो पुन्हा प्यायला, आणि आता वर्गात स्वतःचा अनुभव सांगायला येत नाही, दवाखान्यातही जात नाही. माझ्याबद्दल ताईंना म्हणाला, "बाबांला कंचा तोंड दावू? ते एकदा पन नाय घसरले." ते ऐकून मला दोन दिवस जेवण गेले नाही.

६. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. हनुमान तेवढा थांबेल असे मला वाटत नाही. म्हणून हे उद्या सकाळी त्याच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचेन आणि सही तिथेच करीन. त्याला व ताईंना मी फुटकी कवडीही ठेवलेली नाही, त्यामुळे साक्षीदार म्हणून दोघेही चालतात. फक्त साक्षीदार शुद्धीवर लागतो. हनुमान प्यालेला निघाला तर परवा पुन्हा जाईन, तेरवाही जाईन. तोवर मला मरता येणार नाही.

ठिकाण : हनुमानचा ओटा, खर्डी
दिनांक : १७ एप्रिल २०२५ (१४ व १५ खोडले, १६ ला तो भेटला नाही)

सही : देवराम चांगो विशे

साक्षीदार १ : प्रियांका निमसे

साक्षीदार २ : हनुमान बुधू आगिवले. बाबांनी माझेसमोर वाचला, माझेसमोर सही केली. मी शुद्धीवर हाय. हात कापतो म्हनून सही वाकडी. आता ताईंसंगं दवाखान्यात जातोय.