पेशीचा ब्रेक

अण्णा, आज वर्गात पुन्हा तुमचा पत्रा दाबायचा प्रेस सांगितला. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी अंबडच्या कारखान्यात तुमचा डबा घेऊन यायचे. दोन्ही तळवे दोन बटणांवर एकदम पडल्याशिवाय तुमचा प्रेस खाली यायचा नाही. शेजारच्या मशीनवरच्या काकांनी एका बटणात लाकडाची पाचर ठोकली होती. मोकळ्या हाताने पत्रा सरकवता येई, काम भराभर उरके. तुम्ही ती उपटून फेकलीत. ते चिडून म्हणाले, "तुमच्या बापाची मशीन आहे का?" तुम्ही म्हणालात, "मशीन मालकाची, बोटं तुझी. संध्याकाळी सगळी घरी ने."

रोगाशी लढणारी टी पेशीही तशीच, असं मी मुलांना सांगते. तिच्या अंगावर बाहेरच्या खुणा टिपणारे ग्राही असतात. एकाने परकं ओळखलं म्हणून ती लगेच धावत नाही. दुसऱ्या ग्राहीलाही समोरच्या पेशीकडून होकार यावा लागतो. तो आला नाही तर ती गप्पच होते. आणि तिसरा एक ग्राही असतो, ब्रेकचा. तो दाबला गेला की मुख्यतः त्या दुसऱ्याचाच निरोप विझतो. इथवर शिकवून मी खडू खाली ठेवते. पुढचं घरी दिसतं.

तुमच्या जावयांच्या फुप्फुसातली गाठ हाच ब्रेक दाबून बसली होती. औषधाने तो सुटला, गाठ आकसली, आणि मोकाट झालेल्या पेशींनी ह्यांचं आतडं धरलं. कित्येक आठवडे पेजसुद्धा पोटात ठरत नव्हती. मी चादरी बदलते, कॉलेजला जाते, येते, पुन्हा चादरी. स्टिरॉइडने आता जरा उतार आहे. काल डॉक्टर म्हणाले, अजून एक डोस देऊन बघता येईल, पण आतडं पुन्हा पेटू शकतं. नाही दिला तर गाठ कदाचित वाढेल, कदाचित नाही. दोघं मिळून ठरवा. येताना रिक्षात हे हसून म्हणाले, "हेच शिकवता ना तुम्ही? मग सांगा, मास्तरीणबाई."

मी म्हटलं, "नको आता."

त्यांनी लगेच मान डोलावली. माझ्या शिक्षणावर त्यांचा फार विश्वास.

अण्णा, तुम्ही असता तरी हे पत्र मी तुम्हाला पाठवलं नसतं. 'नको' म्हणताना माझ्या डोक्यात ना ग्राही होते, ना गाठ. मी फक्त दमले होते.