खणाच्या गवसणीतली बंदूक

अप्पा, तुमची बंदूक अजून माझ्याकडंच आहे. हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर चप्पल काढायच्या आधी दारातच तेवढं विचारलं असतंत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत इथं धारवाडला, सप्तापुरातल्या सप्तापुरात मी तीन घरं बदलली. प्रत्येक वेळी कपाट, पलंग, पुस्तकं हमालांनी उचलली आणि बंदूक मी स्वतः मांडीवर घेऊन बसले, आधी टांग्यात, मग रिक्षात. तुम्ही शिवलेली गवसणी आता विरली आहे, काठ तेवढा शाबूत आहे. जांभळ्या खणाची, लाल काठाची गवसणी घातलेली बंदूक साऱ्या धारवाड जिल्ह्यात दुसरी नसेल.

छप्पन्न साली, आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरला गेला त्या वर्षी, तुमचे अळणावरचे सागवानवाले स्नेही कोल्हापूरला मुलाकडं राहायला निघाले आणि जाताना हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात ही दुनळी घेऊन आले. मी तेव्हा बारा वर्षांची. "शेटजी, माझी आठवण म्हणून राहू दे," म्हणत त्यांनी ती तुमच्यापुढं गादीवर ठेवली, आणि लवंगी फटाक्याला कानात बोटं घालणारे तुम्ही दोन हात मागं सरकलात. दस्त्याला तडा, तड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, नळ्यांचा रंग उडून गेलेला. आई म्हणाली, "हे काय आणलंत घरात? त्यापेक्षा वरवंटा बरा, चटणी तरी वाटता येते." पण आठवडाभरात तुमचा जीव तिच्यावर जडला. परवान्यासाठी किती खेटे घातलेत! दर रविवारी जेवण झालं की तुम्ही धोतराचा जुना तुकडा आणि खोबरेल तेल घेऊन बसता, नळ्या पुसता, एक डोळा मिटून आत बघता. दसऱ्याला पाटावर गज, कात्री आणि मधोमध बंदूक, तिला हळदकुंकू आणि वर बन्नीची, म्हणजे शमीची, पानं. एखादं गिऱ्हाईक विचारायचं, "अप्पा, आजवर काय काय मारलंत?" तुम्ही गंभीरपणे सांगायचात, "अजून तशी वेळ आली नाही." बारा वर्षांत ती वेळ आली नाही.

मग मला धारवाडच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि मी सप्तापुरात खोली घ्यायची ठरवली. अण्णानं, तुमच्या थोरल्या लेकानं, घर डोक्यावर घेतलं. लग्नाची मुलगी परगावी एकटी राहणार म्हणजे काय? तुम्ही चार दिवस रात्री जांभळा खण शिवत बसलात. पाचव्या दिवशी नवी गवसणी घातलेली बंदूक माझ्या ट्रंकेवर आणून ठेवलीत. शेजारी औषधाच्या रिकाम्या डब्यात दोन काडतुसं. "एकटी राहणार, ही घेऊन जा. चालवायची वेळ येऊ नये. पण गंजू द्यायची नाही." अण्णाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याला वाटत होतं की बंदूक वारशानं त्याच्याकडं येणार.

परवाना माझ्या नावावर करायला आपण दोघं कचेरीत गेलो, ते आठवून मी अजून एकटीच हसते. कारकुनानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बंदूक याक बेक्री निमग?" तुम्हाला बंदूक कशाला हवी, म्हणून. घाबरून मी म्हटलं, "पिकाच्या राखणीला." तो म्हणाला, "कुठलं पीक?" मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही टोपी नीट केलीत आणि शांतपणे सांगितलंत, "गुलाब. दोन कुंड्या." तो इतका हसला, इतका हसला, की त्याला पाणी प्यावं लागलं. मग त्यानंच कागदावर स्वसंरक्षण असं लिहून टाकलं.

घरमालकीण अक्का पहिले दोन दिवस माझ्या खोलीसमोरून भिंतीला चिकटून जायची. तिसऱ्या दिवशी तीच दारात उभी राहून गल्लीला ऐकवत होती, "नम्म टीचर कडे बंदूक ऐत्री!" आमच्या टीचरकडं बंदूक आहे, म्हणून. त्यानंतर शेजारी दोनदा चोरी झाली, आमच्या फाटकाला कुणी हात लावला नाही. भाजीवालासुद्धा मला निवडून वांगी द्यायचा.

आता तुम्हाला कधी न सांगितलेली गोष्ट. नोकरीचं पहिलं वर्ष संपत आलं असेल. अण्णा नव्या स्कूटरवरून आला आणि उभ्याउभ्या म्हणाला, "रविवारी बघायला येणारेत. बेळगावची मंडळी आहेत, नोकरी चालणार नाही त्यांना. राजीनामा लिही आणि चल." मी म्हटलं, "अप्पांना माहीत आहे?" तो म्हणाला, "अप्पांना मी बघतो." एवढं बोलून त्यानं माझी ट्रंक उचलली आणि बाहेर नेऊन स्कूटरला बांधायला लागला. माझी ट्रंक, माझी पुस्तकं, आत तपासायचे पेपर! मला काय झालं सांगता येत नाही. मी गवसणी फाडल्यासारखी काढली, दोन्ही काडतुसं भरली, पायरीवर उभी राहिले आणि स्कूटरच्या पुढच्या चाकावर नेम धरला. अण्णा पलीकडं वाकून गाठ मारत होता. मी चाप ओढला. टिक्. दुसरा ओढला. टिक्. तेवढ्यात अण्णानं मान वर केली. आधी त्याला नळ्या दिसल्या, मग मी. त्यानं निमूटपणे गाठ सोडली, ट्रंक पायरीवर आणून ठेवली आणि म्हणाला, "तसं नीट सांगायचं होतंस की." अक्का खिडकीतून सगळं बघत होती. तिनं लगेच त्याला चहा विचारला, पण तो थांबला नाही.

पुढच्या रविवारी तुम्ही न कळवता आलात. बंदूक मागितलीत, उघडलीत, काडतुसं बाहेर काढून त्यांची बुडं उजेडात धरून बराच वेळ बघितलीत. मग मलाच झापलंत, "नळीत धूळ आहे! कापडाला धूळ चालत नाही, हिला चालेल?" काडतुसं दमट झाली असतील म्हणत ती खिशात टाकलीत, पुन्हा कधी दिली नाहीत. चहा बशीत ओतून, फुंकर घालून प्यालात आणि निघताना दारात म्हणालात, "नोकरी सोडायची नाही. बेळगावला मी नको म्हणून कळवलंय." मीही तेच धरून बसले, की काडतुसं दमट होती. तर्कशास्त्र शिकवणारी बाई मी!

पुढं माझं लग्न माझ्या पसंतीनं झालं. आमचे हे भिंतीवरच्या बंदुकीला सासरेबुवा म्हणतात आणि माझ्याशी भांडताना तिच्याकडं पाठ करून बसतात. दर निवडणुकीला मी ती पोलीस ठाण्यात जमा करते आणि पावती घेते. या खेपेला परत आणताना रिक्षातून माझ्याच हातून निसटली आणि दस्त्याचा तडा उघडला. म्हणून मागच्या आठवड्यात हुबळीला गेले. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळात बंदुका दुरुस्त करणारा एक म्हातारा बसतो. त्यानं गवसणी काढली, तांब्याची तार बघितली आणि म्हणाला, "ही कापडवाल्या अप्पांची की! हिच्या पिना मीच घासून काढल्यात." मला समजेना. त्यानं बोटानं दाखवलं, इथली पिन काडतुसावर आपटते तेव्हा बार उडतो, ती आखूड केली की नुसता आवाज होतो. "समोर बसून घासून घेतल्या बघा. मी म्हटलं, अप्पा, मग हिचा उपयोग काय? तर म्हणाले, चोराला काय कळतंय? पण पोरगी माझी तापट आहे. चोर एखाद वेळी येईल, राग रोज येतो."

अप्पा, मी तिथलं स्टूल ओढून बसले. आधी तुमचा राग आला. चोवीस वर्षं मी एका न उडणाऱ्या बंदुकीचा परवाना वेळेवर नवा करून घेत होते, तिच्या जिवावर धीट झाले होते. मग काडतुसांची बुडं उजेडात धरून बघणारे तुम्ही आठवलात. त्यांच्यावर पिन टेकल्याची पुसट खूण शोधत होतात ते कळलं. तुम्हाला सगळं समजलं होतं, आणि तरी तुम्ही ओरडलात ते धुळीवरून. मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही, आणि त्या म्हाताऱ्यानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं केला.

"नव्या पिना बसवू का? अर्ध्या तासाचं काम आहे," त्यानं विचारलं. मी पदर नीट करून म्हटलं, "नको. अप्पांची इच्छा होती, तशीच राहू द्या." त्याचेही डोळे भरून आले. "अशी लेक पाहिजे," म्हणाला, आणि दस्ता चिकटवायचे पैसे घेईना.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून नव्या पिना का नको म्हटलं ते तुम्हाला खरं सांगते. आमच्या समोरच्या गच्चीवर महिनाभर एक कर्णा लागला आहे, पहाटे पाचला सुरू होतो. आणि तांब्याची तार बघून म्हाताऱ्याला तुमची आठवण यायच्या आधी, दुकानात शिरल्या शिरल्या, मी त्याला पहिलं काय विचारलं असेल, तर काडतुसं हल्ली कुठं मिळतात.