पत्रातला इंग्रजी शब्द

१५ सप्टें., सोम.
अविधवा नवमी. माझी बायको मालन सवाष्ण गेली, म्हणून हा दिवस तिचा. सूनबाईंनी खीर, वडे, अळूची भाजी केली. टाकीच्या कामामुळे गच्चीला कुलूप. पान जिन्यातल्या खिडकीत ठेवलं, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. अर्धा तास कावळा फिरकला नाही. म्हटलं, मालन, चुकलंमाकलं पोटात घाल. मग आला.
त्यानंतर खालच्या जानकीबाई तिथंच खिरीवरून घसरल्या. खुबा मोडला. हॉस्पिटलात नेलं.
पुढचं आज लिहीत नाही.

१७ सप्टें., बुध.
जानकीबाईंच्या मुलीने, सुषमाने, सोसायटीला पत्र दिलंय. इंग्रजीत. सेक्रेटरींनी मला प्रत आणून दिली. माझ्या नावाजवळ एक शब्द, थॉटलेस. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढे सगळं आयुष्य तुर्भे मार्केटात गोणीखाली. नातीला विचारलं.
श्रावणी म्हणाली, "हातातून कप पडला तर केअरलेस. आणि आपल्या वागण्याने दुसऱ्याचं काय होईल हे मनातच आलं नाही, तर थॉटलेस. मुद्दाम केलं असं ती म्हणत नाहीये, आबा. सेल्फिश नाही लिहिलं हे नशीब समजा."
म्हणजे बरा शब्द आहे.

१८ सप्टें., गुरु.
शब्द वहीत बारा वेळा उतरवला. मनातच आलं नाही.
माझ्या आलं होतं. कावळ्याने पान ओढलं, खीर तीन पायऱ्यांवर सांडली. मी वर उभा होतो. कुणीतरी घसरेल, हेच पहिलं मनात आलं. पण कावळा खात असताना जवळ जायचं नाही, तो उडाला तर जीव अर्धपोटी परततो, असं आई सांगायची. म्हणून थांबलो. तो खाऊन गेला. मग पुसायला काय झालं होतं? ताट वाढलं होतं. जेवून पुसू म्हटलं. दुसरा वडा खाताना ओरडणं ऐकू आलं.
मार्केटात केळ्याची साल दिसली तर पायाने बाजूला सारायचो. मागून पाठीवर ओझं घेऊन माणूस येत असतो, त्याला खालचं दिसत नाही. चाळीस वर्षं सारली.

१९ सप्टें., शुक्र.
हॉस्पिटलात गेलो. ऑपरेशन झालं. सहा महिने जिना नाही म्हणतात. म्हणजे मासळीची पाटीही बंद. मूळच्या सारसोळे कोळीवाड्यातल्या, एक दिवस घरी बसलेल्या नाहीत.
मला बघून हसल्या. "भाऊ, तोंड का पाडलंय? कावल्याला काय आपन बांधून ठेवनार हाय? सुषमाचं मनाला लावू नका, ती भांडकुदळच हाय."
सांगायचं होतं. शहाळं ठेवून आलो.

२० सप्टें., शनि.
सेक्रेटरींनी माफीपत्र टाइप करून आणलं. त्यातही तोच शब्द. "काका, सही करा, विषय संपला." केली नाही. मुलगा चिडला, "आबा, एक सही. कशाला टेन्शन वाढवता?" श्रावणी म्हणाली, "साधा शब्द आहे हो." साधा आहे म्हणूनच. त्याच्याआड मला लपता येतं.
दुपारी डोळा लागला. मालन जिन्यात बसलेली, पान पुढ्यात, तसंच. पदराने पायऱ्या पुसत होती. मी हाक मारली तर म्हणाली, जेवा तुम्ही.
आता जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर पाय ठेवत नाही.

२१ सप्टें., रवि.
सर्वपित्री. माफीपत्राच्या खाली मराठीत लिहिलं: सांडलेलं मला दिसलं होतं. पुसलं नाही. जेवायला गेलो. सही केली. कागद घेऊन हॉस्पिटलात गेलो.
सुषमाने मोठ्याने वाचला. जानकीबाई छताकडे बघत राहिल्या. परवाची ती हसणारी बाई कुठं दिसेना.
सुषमा म्हणाली, "तुम्ही निघा आता, काका."
दाराशी पोचलो तर मागून जानकीबाई, "वैनी जेवली ना पन, पोटभर?"
टोमणा होता की खरंच विचारलं, आवाजावरून कळेना.
जेवली, म्हणालो.
मागे न वळता बाहेर पडलो.