कानाच्या स्पेशालिस्टला मार्क

१ फेब्रुवारी १९५६, बुधवार
कामगिरी सुरू. पुण्याहून कानाचे स्पेशालिस्ट दर बुधवारी भोरच्या दवाखान्यात येतात. त्यांचा उपचार चांगला की वाईट, ते मोजून मी तालुका बोर्डाला सांगायचं. मी नापास केलं तर त्यांचं येणं बंद. माझी निवड झाली तेव्हा सगळे मेंबर काहीतरी बोलले. कौतुकच असणार.
रात्री धोंडाबाई चुलीपाशी पुटपुटत होती. बायकोला स्पष्ट बोलायला शिकवायचं. ठरलं.

८ फेब्रुवारी
डॉक्टर तोंडातल्या तोंडात बोलतात. शून्य मार्क. गुंजवण्याचा सावळा धनगर म्हाताऱ्या आईला घेऊन आला होता. तिचा कान वाहायचा. विचारलं, उपचार कसा? म्हणाला, "लई हराम हाय." मेंढरं राखणारा माणूस, पण तिखट! मी मान डोलावली.

१५ फेब्रुवारी
डॉक्टरांची गुप्त परीक्षा घेतली. बहिऱ्याचं सोंग घेऊन पेशंटांत बसलो. सोंग इतकं हुबेहूब की डॉक्टरांनी पोलादी चिमटा वाजवून कानाशी धरला, तरी मला काही ऐकू आलं नाही. डॉक्टर साफ फसले! कागदावर लिहून दिलं: दोन्ही कानांत मळ, आठवडाभर तेल घाला. नसलेला रोग काढला. नापास!

१८ फेब्रुवारी
तेल घालतोय. निव्वळ पुरावा म्हणून.

२२ फेब्रुवारी, दुपार
डॉक्टरांनी पितळी पिचकारीनं कान धुतले. हरभऱ्याएवढे दोन गोळे निघाले. बाहेर पडलो तर एस.टी. केवढ्यानं ओरडते! माझ्या चपला करकरतात! सावळा भेटला. आईला लई आराम हाय, म्हणाला. मागं हराम म्हणालास, असं मी खडसावलं. तो म्हणाला, "न्हाई सायेब, आरामच म्हनलो व्हतो."
रिपोर्ट फाडला. नवा लिहिला. डॉक्टर पहिल्या वर्गात पास.

२५ फेब्रुवारी
सभेत रिपोर्ट वाचला. डॉक्टरांचं येणं कायम. टाळ्या झाल्या, आणि त्याखालचं बोलणंही ऐकू आलं. कुंडलिक मेंबर माझ्याकडे बघत शेजाऱ्याला म्हणाला, "रखमाजीला आता दाताच्या डॉक्टरमागं लावा. तेवढीच आपल्या कानाला विश्रांती."
घरी धोंडाबाई पुटपुटली. शब्द न् शब्द कळला. इथं लिहीत नाही.

२९ फेब्रुवारी
मुद्दाम भोरला गेलो. डॉक्टरांना विचारलं, मळ पुन्हा साचायला किती दिवस लागतील? म्हणाले, वर्ष-दोन वर्षं तरी.
एवढा वेळ? पाच मार्क कापले.