समोरच्याची बाजू आधी

मी, गंगाराम आप्पा साळवी, वय वर्षे एकोणसाठ, मुंबईच्या एका कॉलेजातला राज्यशास्त्राचा माजी अध्यापक, हल्ली वस्ती रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीत कळा येतात, पण बुद्धी शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही. पत्नी यमुनाबाई मागेच वारली. आम्हांला मूलबाळ नाही.

कलम १. राहते घर व मागची नारळाची बाग चुलतभाऊ सदू यास द्यावी. मी नोकरीत असताना त्याने आमच्या आवारांमधला दगडी गडगा हातभर माझ्या बाजूला सरकवला होता. समोरच्याचे भय आधी जाणावे, या माझ्या शास्त्राप्रमाणे मी त्याला विचारले, "सदू, तुला माझं कसलं भय वाटतं?" तो म्हणाला, "भय कसलं? तू तर मुंबयला असतोस." एवढे सरळ उत्तर मला कोणत्याही ग्रंथात सापडले नव्हते. आता सगळेच त्याचे. गडगा हवा तिथे घालावा.

कलम २. पुस्तके व नकाशे गावातल्या वाचनालयास द्यावेत. सागवानी वाळूची पेटी मात्र मोडून टाकावी. तिच्यात मी ओल्या वाळूचे डोंगर, खाड्या आणि सरहद्दी उभ्या करी आणि मुलांना भोवती उभे करून शिकवी. आपल्या देशाच्या रक्षणाविषयी बोलण्याआधी प्रत्येकाने समोरच्या देशाला कशाची भीती वाटते ते सांगायचे, आणि त्या देशाची बाजू घेतलेला मुलगा "होय, हेच" म्हणेपर्यंत खाली बसायचे नाही, असा नियम होता. तोफा आणि जहाजे त्यानंतर. प्रिन्सिपॉलसाहेब याला पोरखेळ म्हणत. मुले मात्र तास संपला तरी हलत नसत.

त्यांत सर्वांत तयार महिपत घाग, गुहागरकडचा. १९३२ च्या उन्हाळ्यात मुंबईत दंगल पेटली आणि त्याच्या चाळीच्या तोंडाशी दोन जमाव समोरासमोर आले. महिपत मध्ये जाऊन उभा राहिला. दोन्ही हात वर करून तो आपल्या लोकांना पलीकडच्यांचे भय समजावून सांगू लागला. त्याचा जीव घेणारा दगड कोणत्या बाजूने आला, हे पोलिसांना अखेरपर्यंत ठरवता आले नाही.

मी त्याच्या गावच्या घरी गेलो. त्याची आई मथुराबाई पडवीत बसली होती. ती रडली नाही. म्हणाली, "माज्या पोराला तुमी शिकवलंत, मास्तर. समोरच्यांना कोणी शिकवलं व्हतं काय?"

मी कॉलेजात परत गेलो तो राजीनामा देण्यासाठीच. कॉलेजने शोकसभेत महिपतला शांतिदूत म्हटले आणि माझा विषय बंद केला. त्या प्रिन्सिपॉलसाहेबांना माझ्या मृत्यूची वर्दी देऊ नये.

यंदा सप्टेंबरअखेर युरोपातल्या चार पुढाऱ्यांनी पाचव्याच देशाचा लचका तोडून शांतता केली. त्या देशाला बैठकीत जागासुद्धा दिली नाही. मी वाचून दाखवलेले वर्तमानपत्र ऐकून सदू म्हणाला, "चला, मिटलं एकदाचं." आज समोर वर्ग असता तर काय शिकवले असते, मला खरोखर ठाऊक नाही.

कलम ३. बँकेतली शिल्लक व विम्याची रक्कम महिपतची धाकटी बहीण गोदा हिच्या कॉलेजशिक्षणासाठी ठेवावी. राज्यशास्त्र सोडून तिने कोणताही विषय घ्यावा, अशी अट मी घातली होती. काल ती भेटायला आली तेव्हा वाचून दाखवली.

"मग मला हे नको, सर," ती म्हणाली.

"गोदा, दादा त्यापायीच गेला."

"दादा एकटा मध्ये गेला म्हणून गेला. मध्ये उभं राहायला किती माणसं लागतात, ते मला शिकायचंय."

मी आयुष्यभर हा विषय शिकवला. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

अट खोडली आहे व खाडाखोडीवर सही केली आहे. यातून काही बरे निघेल अशी मला आशा आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

व्यवस्थेचे काम दादू भाटकर, वकील, यांनी पाहावे. मजकूर वाचून पाहिला. बरोबर आहे.

ठिकाण : रत्नागिरी
तारीख : ३ नोव्हेंबर १९३८

सही : गंगाराम आप्पा साळवी

आमच्यासमोर सही केली :
१. दादू रामजी भाटकर, वकील
२. हरिश्चंद्र विठू मुरकर, शेजारी