पत्र्यापर्यंत

१२ नोव्हेंबर, बुधवार
एकदाचं गंगेत घोडं न्हालं. पनवेलला पोचलो, कामाला लागलो. कर्नाळ्याच्या रस्त्याला काशिराम शेठचं गॅरेज, मागे मला खोली. मिरजेच्या खुराड्यापेक्षा लाखपटीने बरी. इथले जुने पेंटर शिवाकाका साठीचे. थिनरशेजारी पेटवायची नाही म्हणून विडी नुसती चघळतात. माणूस बघताक्षणी आवडला. सोमवारी शेठच्या मुलीची, मितालीची हळद आहे. तोवर शेठच्या वडिलांची जुनी मोटार रंगवायची. शेठ म्हणाले, वरवर घास नि नवा रंग मार. वरवरचं काम जमलं असतं तर मिरजेच्या मालकाशी भांडलो कशाला असतो?

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बॉनेटला जुना रंग सोडवायचा रिमूव्हर लावला. रंगाला टरारून फोड आले, पत्रीने खरवडल्यावर सालं निघाली. वर निळा, खाली पांढरा. पांढरा भलताच चिवट, नखाला ओलसर लागत होता. मीही हट्टाला पेटलो आणि पार लख्ख पत्र्यापर्यंत नेलं. संध्याकाळी शेठ बघतच राहिले. ‘आता सगली गाडी अशीच पायजे. आमाला आर्धवट नाय चालत.’ माझी कॉलर ताठ! काका मात्र छाती जळजळते म्हणून दुपारीच घरी गेले होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
काकांनी आल्याआल्या सदरा वर केला. छातीवर कातडी नाही. गळ्यापासून बेंबीपर्यंत लाल मांस, कडेला पापुद्रा लोंबतोय. मी गटाराशी जाऊन ओकलो.
त्यांनी सांगितलं ते असं. खालचा पांढरा रंग त्यांचा, एकवीस वर्षांचे असताना मारलेला. तेव्हा या गॅरेजात पेंटर पहिल्या कामाला बोट कापून दोन थेंब रक्त रंगाखालच्या प्रायमरमध्ये टाकायचा, रंगाने नीट धरावं म्हणून. ‘तू माजी साल काढतोस रे. आता थांब,’ एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर सोसलं असतं.
माझ्या मिजाशीने केलं हे. उद्यापासून या गाडीला कुणाला हात लावू देणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
शेठला सांगितलं, ते हसले. काकांची छाती दाखवली, तर म्हणे रिमूव्हर सांडला असेल, न्या दवाखान्यात. हळद परवावर आली. स्वतःच ग्राइंडर घेतला आणि डाव्या दाराला लावला. बाकावर बसलेले काका किंचाळले. माझ्या डोळ्यांदेखत त्यांची डावी बाजू काखेपासून सोलली जात खाली आली. मी पाना उचलून शेठच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. बरं वाटलं, खोटं का बोला.
शेठला घेऊन सगळे दवाखान्यात पळाले. मी उघड्या पत्र्यावर प्रायमर मारला. धरेना, ओघळून खाली येई. मग अंगठा कापला. दोन थेंबांनी भागलं नाही, वाटी भरली. तेव्हा कुठे धरला. सबंध गाडीला त्याच प्रायमरचा हात दिला. काकांचं रक्त थांबलं, मांसावर सायीसारखी कातडी आली. त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी पोरासारखा रडलो.

१६ नोव्हेंबर, रविवार
शेठ चार माणसं घेऊन आले. मला तुडवलं, दोन दात गेले. खोलीत कोंडून बाहेरून कडी. प्रायमर लालसर दिसतो म्हणे. नवा पेंटर आणलाय, पुन्हा पत्र्यापर्यंत न्यायला सांगितलंय. दाराच्या फटीतून पाहिलं, काका गाडीपुढे आडवे पडले होते. त्यांना पाय धरून ओढत नेताना —

दुपार. रिमूव्हरचा वास. दारावर लाथा मारतोय, ओरडतोय. ग्राइंडरपुढे कुणाला ऐकू जातंय —

माझी छाती गेली. सदऱ्याबरोबर निघाली —

काका ओरडत होते. माझा थर उतरला की त्यांची नवी कातडीही — आता आवाज नाही. काका नाहीत. मीच —

डावा हात. मोज्यासारखा सुटला. बोटांपर्यंत —

ग्राइंडर थांबला. चालताहेत. गाडीला वळसा घालून उजव्या दाराकडे. लिहितोय तो हा —