संघमित्राची झोळी

४ मे १९७६, हसनाबाद
दुपारच्या एस.टी.नं उतरलो. बायको, कमल, दारात होती. पाय धुवायला पाणी दिलं अन् आत गेली. मायनं गळा काढला. मी नुसता उभा.
पोरगी गेली त्याला आज पाच दिवस. आम्ही घनसावंगीच्या पुढं विजेच्या लाईनीचे खांब रोवत चाललोय, तंबू रोज पुढं सरकतो. निरोप घेऊन आलेला माणूस दोन दिवस शोधत फिरला म्हणे. तोवर इकडं माती झाली होती.
संघमित्रा नाव ठेवलं होतं. सगळे मित्रा म्हणत. फेब्रुवारीत झाली. मी तिला एकदाही पाहिली नाही.
रडू येईना. जिला पाहिलंच नाही तिच्यासाठी कसं रडायचं, कुणाला विचारू?

५ मे
मार्चमधली सुट्टीची पाळी माझीच होती. इसाकभाई, माझा खांबावरचा जोडीदार, त्याच्या बहिणीचा निकाह निघाला. म्हणालो, तू जा, मी पुढच्या पाळीला जाईन. पोरगी काय पळून चालली?
हेच बोललो होतो. याच तोंडानं.

६ मे
घरात बसवत नाही. सकाळी कुडाला शेण-माती लिंपली. दुपारी बाज आवळली. मग परसातला दगड उचलून इकडचा तिकडं ठेवला. का, माहीत नाही.
माय : "बस की जरा. घरी आला का कामावर? काय करून राह्यला हे?"
खरंय. खांब उभा करायला आठ जण असतात, कुणी ना कुणी ओरडून सांगतं, ओढ, सोड, धर. इथं कुणी काही सांगत नाही.
अंधार पडला की कमल चिमणी लावते. आम्ही गावोगाव उजेड नेतोय अन् आमच्या गल्लीला अजून तार नाही. दिव्याखाली अंधार म्हणावं तर आमच्याकडं दिवाच नाही. निजायला बाहेरच गेलो. छपराखाली जीव गुदमरतो.

७ मे
मायला विचारलं, कशी दिसायची? म्हणाली, नाक तुझं होतं. चहा पिताना म्हणाली, नाक कमलचं होतं. शेजारची काकू म्हणते गोरी होती. तिचाच नवरा म्हणतो, छे, सावळी, पण तरतरीत.
फोटो कुठला असणार! जालन्याला नेऊन काढायचा होता, मी आल्यावर.
हिंमत करून कमलला विचारलं. भाकरी थापता थापता, वर न बघता बोलली, "तुम्ही इथं असते तं दिसली असती."
मी उठलो. जेवलो नाही. तीही नाही.

८ मे
मोठी चूक केली.
झोळी अजून आढ्याला तशीच होती, कमलच्या जुन्या लुगड्याची. दोर माझाच, लाईनीचा, दिवाळीत मुद्दाम आणलेला. येता-जाता डोक्याला लागायची. कमलला ती रोज दिसते, म्हटलं काढून टाकावी. तंबू हलवताना पहिली दोरी मीच सोडतो, हाताला सवयच. गाठ सोडली, लुगडं घडी करून ठेवलं. बरं वाटलं, काहीतरी केलं म्हणून.
कमल पाणी घेऊन आली. वर बघितलं. हंडा खाली ठेवला अन् भिंतीला टेकून बसली.
माय मला बाहेर घेऊन गेली. "अरे, झोळीला हात लावून निजत होती कमल रोज. तू कशाला सोडली?"

९ मे
सकाळी दोर घेऊन चढलो. होती तश्शीच बांधून देतो म्हणालो.
कमल : "राहू द्या. रिकामी झोळी बांधत न्हाईत. होती ती होती."
खाली उतरलो. दोर हातातच. मग परसात जाऊन रडलो, लहान पोरासारखा. आल्यापासून पहिल्यांदा. मित्रासाठी की कमलसाठी, सांगता येणार नाही.
माघारी आलो तर कमलनं ताट वाढून ठेवलं होतं. समोर बसली. दोघंही जेवलो थोडंथोडं.

११ मे
निघायचा दिवस. दर खेपेला घरची ज्वारी नेतो, मुक्कामाच्या गावात दळून घेतो.
कमलनं तेच लुगडं काढलं, झोळीचं. त्यात ज्वारी ओतली. उचलून हातावर घेतली, दोन-चार पसे ज्वारी परत काढली. पुन्हा हातावर घेतली. एक मूठ टाकली. मला वाटलं, धान्य कमी आहे घरात. गाठ मारली.
"हात करा."
मी एक हात पुढं केला.
"असं न्हाई. दोन्ही."
माझ्या हातांवर गाठोडं ठेवलं. माझं कोपर जरा वर उचललं.
"एवढी होती. डोकं या अंगाला असायचं."
मग रडली. किती दिवसांचं साठलेलं. मला धरता येईना तिला, दोन्ही हात अडकलेले. खालीही ठेववेना.
मायनं बाहेरून हाक मारली, एस.टी. जाईल रे.

१२ मे, मुक्काम तंबू
दिवसभर खांब. ऊन जबर. इसाकभाईची नजर वर होईना. संध्याकाळी जवळ बसला.
"ज्वारी दळून आणू का?"
"नको. माझं मी बघतो."
चार घास त्याच्याच भाकरीतले खाल्ले. मग म्हणाला, "जूनची पाळी माझी हाय. तू घे. बिलकुल जा तू."
गेलो तर कमल मला घरात घेईल, की तिला पुन्हा सगळं पहिल्यापासून सोसावं लागेल? अन् गेलो नाही तर? इसाकभाईला म्हणालो, उद्या सांगतो.
गाठोडं उशाशी घेतलंय. डोकं ज्या अंगाला सांगितलं, त्याच अंगाला.